वक्तृत्व सक्तीचं करावं का? आधी तास मोजा

प्रश्न : मी नाशिकमधल्या एका स्वायत्त महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. पुढच्या वर्षापासून कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखांच्या दुसऱ्या वर्षाला 'वक्तृत्व' हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा करायचा प्रस्ताव विद्या परिषदेपुढे येतोय आणि त्याचं टिपण माझ्याकडे आहे. निम्मे सहकारी म्हणतात, परदेशातल्या विद्यापीठांत आहे, मग आपल्याकडे का नको? बाकीचे म्हणतात, आणखी एक पेपर वाढेल, दुसरं काही होणार नाही. आमची तुकडी १२० ची. मुलं सुरगाणा-पेठपासून मालेगाव-सटाण्यापर्यंतची. बऱ्याच जणांची घरची बोली वेगळी, आणि इंग्रजीची धास्ती सगळ्यांनाच. मागच्या सत्रात एक मुलगा सेमिनारच्या दिवशी हमखास गैरहजर राहायचा. विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, नापास करा, पण उभं करू नका.' अशा मुलावर सक्ती करावी का? आणि जे वक्तृत्व स्पर्धा आधीच गाजवतात, त्यांना सूट द्यावी का?

उत्तर :

नमस्कार मॅडम,

सक्ती करा. पण टिपणाची सुरुवात 'हा विषय अनिवार्य राहील' या वाक्याने करू नका. 'प्रत्येक विद्यार्थ्याला एका सत्रात पाच वेळा बोलायला मिळेल' असं लिहा आणि बाकी सगळं त्यावरून ठरू द्या. तेवढे तास आणि तेवढी माणसं महाविद्यालय देणार नसेल, तर तुम्ही स्वतः प्रस्तावाविरुद्ध मत द्यावं असं आम्ही म्हणू. अर्धवट सक्तीने मुलांचं जे नुकसान होतं, ते विषयच नसण्यापेक्षा जास्त आहे.

ऐच्छिक ठेवून काम भागत नाही, याचं कारण साधं आहे. ऐच्छिक विषयाला पहिल्या दिवशी नाव देतात ती शाळेपासून सूत्रसंचालन करणारी मुलं. ज्यांना गरज आहे, ती त्या सूचनेकडे बघतही नाहीत. हा आळस नाही. बोलायची वेळ टळली की छातीवरचं दडपण क्षणात उतरतं, आणि ती सुटका इतकी हवीहवीशी असते की पुढच्या वेळी टाळायची ओढ वाढलेली असते. भीती मुरते ती अशी, दर दांडीला थोडी थोडी. तुमच्या त्या मुलाने एका सत्रात हे नीट शिकून घेतलंय. त्याच्यापुढे पर्याय ठेवला तर तो दर वेळी दांडीच निवडणार.

आता याचीच दुसरी बाजू बघा. बोलण्याची भीती सर्वात जास्त असते ती उभं राहण्याच्या आधी आणि पहिल्या मिनिटात. माणूस तिथे टिकून राहिला तर ती आपोआप उतरायला लागते. पण त्याच मुलाला पहिल्याच आठवड्यात १२० जणांपुढे उभं केलं, आवाज चिरकला, मागच्या बाकांवरून हसू आलं आणि तो अर्ध्या मिनिटात खाली बसला, तर भीती उतरण्याचा भाग त्याने अनुभवलेलाच नसतो. तो भीतीच्या शिखरावरून परत जातो, आणि 'आपल्याला जमत नाही' याचा पुरावा खिशात घेऊन जातो. सत्रात एकदाच होणारा सेमिनार म्हणूनच सगळ्यात वाईट. घाबरवायला एक खेप पुरते, सावरायला पुरत नाही.

'परदेशात आहे' हा मुद्दा खरा आहे, पण अपुरा. अमेरिकेत अनेक विद्यापीठांत हा विषय पदवीच्या सामान्य शिक्षणाचा भाग असतो. परंपराही जुनी आहे. हार्वर्डच्या वक्तृत्वशास्त्राच्या अध्यासनावर १८०६ मध्ये पहिले प्राध्यापक बसले ते जॉन क्विन्सी ॲडम्स, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मात्र आजच्या तिथल्या वर्गात साधारण २० ते २५ मुलं असतात, आणि सगळं त्या आकड्यावर उभं आहे. आकडा तिथेच ठेवून नुसतं विषयाचं नाव उचललं, की इथे 'देहबोलीचे प्रकार स्पष्ट करा, गुण ५' असा पेपर तयार होतो आणि वर्षभर तोंड न उघडता मुलं पहिल्या वर्गात पास होतात. तुमच्या विरोधक सहकाऱ्यांना हीच भीती आहे, आणि त्यांचं चुकत नाही.

तर तासांचा हिशेब मांडू. तासिकेचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन्ही क्रेडिट तासिकेची ठेवली तर हातात ३० तास. एका मुलाला बोलायला तीन मिनिटं, प्रतिक्रियेला दोन, उठण्या-बसण्यात एक, अशी सहा मिनिटं धरा. १२० जणांची एक फेरी झाली १२ तासांची. दोन फेऱ्यांत २४ तास गेले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सत्रभरात सहा मिनिटं बोलणं आलं. उरलेला वेळ बाकावर. पहिल्या फेरीत ११९ भाषणं ऐकलेलं पोर दुसऱ्या फेरीला येईल कशाला?

त्यामुळे एक क्रेडिट तासिकेचं आणि एक प्रात्यक्षिकाचं ठेवा. तासिकेला अख्खी तुकडी चालेल. मुद्द्यांची मांडणी, माहिती कुठून आणायची, ऐकायचं कसं, हे तिथे होईल. प्रात्यक्षिकाला ३० च्या चार बॅचेस. विज्ञान शाखेला बॅचेस नव्या नाहीत. कला-वाणिज्यचं वेळापत्रक लावणारे कुरकुर करतील, करू द्यात. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर एका बॅचला आठवड्याला दोन तास, म्हणजे चार बॅचेसचे आठ, अधिक तासिकेचा एक. एका तुकडीमागे आठवड्याला नऊ तास. यूजीसीच्या नियमांत सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार १६ तासांचा आहे. म्हणजे एका तुकडीला अर्ध्याहून अधिक माणूस लागतो. तुमच्या तिन्ही शाखांच्या तुकड्या मोजा, गुणाकार करा आणि तो आकडा टिपणात ठळक अक्षरात घाला. असे ठराव फसतात ते नेमके इथे. विषय मंजूर होतो, माणूस मंजूर होत नाही. मग तो इंग्रजी विभागाच्या गळ्यात पडतो किंवा तासिका तत्त्वावरच्या सर्वात नव्या शिक्षकावर ढकलला जातो.

शिकवणारा फर्डा वक्ता असण्याची गरज नाही, हेही लिहून ठेवा. फर्डे वक्ते अनेकदा स्वतःच बोलत बसतात. घड्याळ लावून शांतपणे ऐकणारा आणि नेमकं एक वाक्य सांगणारा कुठल्याही विभागाचा शिक्षक चालेल.

पाच फेऱ्या

फेऱ्या चढत्या ठेवायच्या, आणि चढ दोन प्रकारचा: ऐकणारे वाढत जातात, तसा वेळही वाढतो. पहिली फेरी तिघा-तिघांत, बसून, एक मिनिटाची. दहा गट एकाच वेळी बोलतात, वर्गात कालवा होतो आणि तो कालवाच उपयोगी पडतो, कारण त्यात कुणाकडे कुणाचं लक्ष नसतं. अर्ध्या तासात फेरी संपते. दुसरी सहा जणांपुढे उभं राहून दोन मिनिटांची, पाच गट एकाच वेळी. एक तास पुरतो. तिसऱ्या फेरीत बॅचचे दोन भाग करून १५ जणांपुढे दोन मिनिटं. प्रतिक्रिया धरून माणशी पाच मिनिटं, म्हणजे दोन्ही भाग मिळून अडीच तास. एक भाग बोलत असताना दुसरा ग्रंथालयात मुद्दे काढायला पाठवता येतो. चौथी फेरी पूर्ण बॅचपुढे तीन मिनिटांची, तिला तीन तास. पाचव्या फेरीत तीन मिनिटं भाषण आणि तीन मिनिटं प्रश्न, अधिक जाण्या-येण्याचं एक, साडेतीन तास.

बेरीज साडेदहा तासांची. प्रात्यक्षिकाच्या ३० तासांतले साडेएकोणीस उरतात. ते तयारीला, ध्वनिमुद्रण ऐकायला आणि चुकलेल्यांच्या फेऱ्या भरून काढायला ठेवा. गैरहजर मुलाची फेरी बुडत नाही, पुढे सरकते, आणि तो गाळलेल्या पायरीवरूनच पुढे जातो. तिसरी चुकली तर थेट चौथी नाही.

पहिल्या फेरीला 'स्वतःची ओळख करून द्या' हे अजिबात देऊ नका. सगळ्या कार्यशाळा यानेच सुरू होतात आणि अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी हीच सगळ्यात कठीण जागा असते. इतर कुठलाही शब्द अडला तर पर्यायी शब्द घेता येतो, स्वतःच्या नावाला पर्याय नसतो. शिवाय नाव-गाव-छंद ऐकून कुणाला काही मिळतही नाही. त्याऐवजी विषय द्या: 'मला हाताने करता येणारं एक काम.' निफाड-दिंडोरीचा मुलगा द्राक्षबागेतली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांतला फरक सांगेल. येवल्याची मुलगी पैठणीच्या मागावर बसलेली असेल. पेठ-इगतपुरीचा मुलगा भाताच्या रोपांसाठी राब का भाजतात ते सांगेल. माहिती पक्की असली की शब्द शोधावे लागतात तेवढेच. माहिती आणि शब्द दोन्ही शोधायला लागले तर नवखा कोसळतो. 'पर्यावरण : काळाची गरज' यासारख्या विषयावर नेमकं तेच होतं.

तयारी करून घेताना काय बदलायचं ते एका उदाहरणावर बघू. मुलाने कांदा घेतला. पहिला मसुदा हमखास असा येतो: 'कांदा हे नाशिक जिल्ह्यातील एक महत्त्वाचे नगदी पीक आहे. लासलगाव ही कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ आहे.' पंधरा सेकंदांत ऐकणारे मोबाइलकडे वळतात, कारण यातलं प्रत्येक वाक्य त्यांना आधीच ठाऊक आहे. (हल्ली असा मसुदा एआयकडूनही येतो, ओळखायला सोपा, त्यात कुणाच्याच हाताला माती लागलेली नसते.) आता त्याला बाजूला घेऊन विचारा, 'चाळीत कांदा सडतो कशामुळे?' तो पटकन म्हणेल, 'ओला भरला म्हणून. पात हिरवी असताना माना कापल्या की ओल आत राहते.' हे त्याचं भाषण. पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर त्याला तीन गोष्टी लिहायला लावा. वर पहिलं वाक्य पूर्ण: 'आमच्या चाळीत सडलेला कांदा चाळीत येण्याआधीच बिघडला होता.' मध्ये पाच शब्द: पात, मान, सावली, ढीग, हवा. पात वाळेपर्यंत कांदा शेतात, मान इंचभर ठेवून कापणी, मग सावलीत सुकवणं, ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नाही, हवा खालून आणि बाजूंनी खेळती. तळाशी शेवटचं वाक्य पूर्ण: 'चाळ बांधायला पैसे लागतात, मान इंचभर ठेवायला लागत नाहीत.' पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ, मधलं प्रत्येक वेळी नव्याने.

सगळंच पाठ करू न देण्याला कारण आहे. पाठांतरात एक दुवा निसटला की पुढचं सगळं जातं, आणि मूल मागे जाऊन पहिल्यापासून सुरू करतं. कार्डावरचा शब्द चुकला तर फार तर तो मुद्दा राहतो. मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. तीन मिनिटांना तीनशे-साडेतीनशे. मुलं सहाशे शब्द लिहून आणतात आणि मग पळत सुटतात. पाच शब्दांचं कार्ड असलं की ही घाईही आपोआप कमी होते. जाड कार्डाचा आग्रह एवढ्याचसाठी की एफोरचा कागद हातातली थरथर दहापट मोठी करून दाखवतो, ती बोलणाऱ्यालाच दिसते आणि तो आणखी घाबरतो. पहिल्या चार फेऱ्यांत पीपीटी बंद. पडद्याकडे तोंड करून वाचन, याला बोलणं म्हणायचं नाही.

मांडणी शिकवायला परदेशी नमुने शोधू नका. कीर्तनकार निरूपणाचा अभंग आधी घेतो. आज कशावर बोलणं आहे ते ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं, मग फोड, दाखले आणि शेवटी पुन्हा तोच अभंग. मुलांनी हे लहानपणापासून सप्ताहात ऐकलेलं असतं. तासिकेच्या क्रेडिटमध्ये एक ऐकण्याचं काम ठेवा: महाविद्यालयाबाहेरचं एक बोलणं ऐकून अर्ध्या पानात त्याचा मुख्य मुद्दा आणि तीन आधार लिहायचे. कीर्तन चालेल, ग्रामसभा चालेल. सुट्टीत नाशिकमध्ये असणाऱ्यांना मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावरची वसंत व्याख्यानमाला आहेच.

भीतीबद्दल मुलांना तासिकेत सरळ सांगा, त्यांच्याशी गुपित ठेवल्यासारखं वागू नका. दोन गोष्टी पुरेत. एक म्हणजे आतली धडधड बाहेर आपल्याला वाटते तेवढी दिसत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच तपासलं होतं. ही गोष्ट आधी समजावून सांगितलेले विद्यार्थी न सांगितलेल्यांपेक्षा चांगले बोलले. दुसरी गोष्ट, 'शांत हो' हा सल्ला फारसा कामाचा नाही. धडधड मुद्दाम शांत करता येत नाही, पण तिला दुसरं नाव देता येतं. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत 'मला उत्साह वाटतोय' असं स्वतःशी म्हणून उभे राहिलेले लोक, स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा बरे बोलले. शरीराचं म्हणाल तर बोलण्याआधी श्वास पूर्ण सोडायचा. घाबरलेला माणूस श्वास भरून धरून ठेवतो, म्हणून आवाज वर चढून फाटतो. माइक असेल तर हनुवटीपासून चार बोटांवर, आणि त्यावर फुंकर नको.

भाषा आणि गुण

तुमच्या पत्रातलं इंग्रजीच्या धास्तीचं वाक्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. 'कम्युनिकेशन स्किल्स' या नावाखाली आपल्याकडे बोलण्याऐवजी इंग्रजी तपासलं जातं. मग चांदवडचा मुद्देसूद मुलगा मागे पडतो आणि पोकळ बोलणारी, पण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी पुढे जाते. पहिल्या दोन फेऱ्या कुठल्याही बोलीत होऊ द्या, अहिराणी, कोकणा, जी घरची असेल ती. गट करताना त्या बोलीचे निदान दोन ऐकणारे एकत्र ठेवा. तिसरी आणि चौथी मराठी किंवा हिंदीत. पाचवी इंग्रजीत घ्यायची का, ते विभागाने ठरवावं, पण सक्ती नको. सातपूर-अंबडच्या कंपनीतली मुलाखत इंग्रजीत होईल, हे खरं. त्याच कंपनीत शिफ्ट सोपवताना काय बिघडलंय ते सांगायचं असतं मराठी-हिंदीत, आणि तिथे गोंधळ झाला तर मशीन बंद पडतं. मुद्दा एकदा मराठीत नीट बसला की तोच इंग्रजीत नेणं हे भाषेचं काम. ते भाषेच्या तासाला होईल.

गुणांची विभागणी ठरावातच घाला, परीक्षा विभागावर सोडू नका. दोन क्रेडिटचे ५० गुण. त्यातले २० नुसत्या फेऱ्यांना: प्रत्येक फेरीला चार, उभा राहिला आणि वेळ पूर्ण केली की चार, कसा बोलला ते इथे बघायचं नाही. मांडणी आणि आशयाला १२, पाचव्या फेरीतल्या प्रश्नांच्या उत्तरांना ८, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येणं आणि समोर बघून बोलणं याला ६, ऐकण्याच्या कामाला ४. उत्तीर्ण व्हायला ४० टक्के, म्हणजे २०. पाचही फेऱ्या करणारा कुणीही नापास होत नाही. हे मुद्दाम असंच ठेवलंय. सक्ती आहे ती येऊन बोलण्याची, चांगलं बोलण्याची नाही. हातवारे, उच्चार, बोलीची छटा यांना गुण नाहीत. लेखी परीक्षा नाही.

प्रतिक्रियेचा नियम: शिक्षकाने दोनच गोष्टी सांगायच्या, एक ठेवायची आणि एक बदलायची. पाच चुका सांगितल्या तर मूल एकही दुरुस्त करत नाही. ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर एकच ओळ लिहायची, 'मला समजलेला मुद्दा'. तीस चिठ्ठ्यांतल्या वीस एकमेकींशी जुळत नसतील तर मांडणी फसली, आणि हे बोलणाऱ्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. हसण्याबद्दलही पहिल्याच दिवशी स्पष्ट करा: कुणी अडखळल्यावर हसणाऱ्याची त्या दिवसाची फेरी धरली जाणार नाही.

चित्रीकरण फक्त बोलणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर, मित्राने धरून. ते वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाही, महाविद्यालयाच्या पानावरही नाही. मुलींच्या बाबतीत हा नियम एकदा मोडला की अर्धी बॅच पुढच्या फेरीला येत नाही. नको म्हणणाऱ्याला नुसतं ध्वनिमुद्रण. पहिल्यांदा बघताना स्क्रीन पालथी ठेवून ऐकायला सांगा. चेहरा दिसला की मुलं बोलणं ऐकतच नाहीत, केस बघतात.

तो मुलगा, आणि त्याच्यासारखे

आधी असे किती आहेत ते शोधा. संवादशास्त्राचे अभ्यासक जेम्स मॅक्रॉस्की यांची बोलण्याची धास्ती मोजणारी २४ विधानांची प्रश्नावली यासाठी बरीच वापरली जाते. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, एकूण २४ ते १२० च्या दरम्यान येतात. ८० च्या वर गेलं की धास्ती जास्त समजतात. मराठी विभागाकडून सोपं भाषांतर करून घ्या, पहिल्या आठवड्यात भरून घ्या, निकाल फक्त शिक्षकाकडे ठेवा. ८० च्या वरच्यांना सूट नको, आणखी खालची पायरी द्या: शून्यावी फेरी, शिक्षक आणि त्याने निवडलेला एक मित्र, बंद खोलीत, बसून, एक मिनिट. हवी तर दोनदा.

आणि हजेरीपटाच्या क्रमाने बोलवू नका. आपला नंबर येईपर्यंतची वाट हीच खरी शिक्षा असते. फळ्यावर रकाने आखा, ज्याला जी वेळ हवी तिथे त्याने नाव लिहावं. धास्तावलेली मुलं बहुतेक पहिला रकाना घेतात आणि मोकळी होतात.

अडखळत बोलणं ही मात्र धास्तीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. प्रौढांत साधारण शंभरात एकाला ते असतं, पुरुषांत जास्त. म्हणजे तुमच्या प्रत्येक तुकडीत एखादा विद्यार्थी असेल असं धरूनच चाला. त्याच्याकडून प्रमाणपत्र मागू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली वाचा-भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या स्वरयंत्र काढणं किंवा वाचाघात अशा कारणांवर बेतलेली आहे. अडखळणाऱ्याला त्यात प्रमाणपत्र मिळणं अवघड. त्याला दुप्पट वेळ द्या, पूर्ण बॅचऐवजी १५ जण हवे असतील तर तसं करा. सुरुवातीला 'मी मध्ये मध्ये अडखळतो, जरा थांबा' असं स्वतः सांगितलं तर बऱ्याच जणांचा ताण हलका होतो, पण तो निर्णय त्याचा. त्याचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही, शिक्षकानेही नाही. 'सावकाश बोल' असं म्हणणंही बंद.

तुमच्या त्या मुलाला या दोन्हींपैकी काय आहे, ते आधी एकट्याला विचारा. मग रिकाम्या तासाला शून्यावी फेरी, खुर्चीवर बसून. 'उभं करू नका' असं तो म्हणालाय, 'बोलायला लावू नका' असं म्हणालेला नाही.

तिन्ही शाखांना एकदम लागू करायची घाई नको. पहिल्या सत्रात एकच तुकडी घ्या, चार बॅचेस, आणि दोनच आकडे ठेवा: किती जणांनी पाचही फेऱ्या पूर्ण केल्या, आणि २४ विधानांचे गुण पहिल्या व शेवटच्या आठवड्यात किती होते. विद्या परिषदेपुढे तेवढंच मांडा.

राहिला प्रश्न स्पर्धा गाजवणाऱ्यांचा. सूट नको. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' पासून शेवटच्या शेरापर्यंत दहा वर्षं एकाच साच्यात बोललेल्या मुलाला समोरून प्रश्न आला की तो गडबडतो, कारण स्पर्धेत प्रश्न विचारत नाहीत. त्याला पाचव्या फेरीसाठी तयार विषय देऊ नका. चिठ्ठी उचलायला लावा, दहा मिनिटं तयारी, कार्डावर पाच शब्द, आणि प्रश्नांना तीनऐवजी पाच मिनिटं. सुरुवात कवितेने केली तर थांबवा आणि पुन्हा सुरू करायला सांगा.